बसायच्या जागेचं दुखणं

तुम्ही हे उभ्यानं वाचत असाल, किंवा खुर्चीच्या कडेला एका मांडीवर तोल सांभाळून बसला असाल, तर हे तुमच्यासाठीच लिहून राहिलो. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त हसू नका. हसलात तरी चालेल म्हणा. आता मीच हसतो कधीकधी.

मला भगंदर झालं होतं. एवढं एक वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेवढ्यात त्या दुखण्यानं आत चांगला संसार मांडला. मी सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. शब्दांचा मास्तर मी. पोरांना एकेका शब्दाचे पाच-पाच अर्थ फोडून सांगतो, आणि स्वतःच्या दुखण्याचा एक शब्द मला बायकोपुढे काढता आला नाही. वैद्यकातलं मला काही कळत नाही, ते डॉक्टरला विचारा. मी लाजेबद्दल लिहू शकतो. त्यात माझा अभ्यास दांडगा आहे.

फोड

आधी एक फोड आला, बसायच्या जागेला, अगदी अवघड ठिकाणी. उन्हाळा होता. म्हटलं उष्णता झाली. सब्जा भिजवून प्यालो, ताक प्यालो, गुलकंद खाल्ला. फोड फुटला, बरं वाटलं, मी विसरून गेलो. थोड्या दिवसांनी तो परत भरला, परत ठणकला, परत फुटला. मग त्याचा तो धंदाच झाला, आणि पॅन्टला डाग पडायला लागले.

घरात आम्ही दोघंच, पोरगी शिकायला बाहेरगावी. माझी बायको सुनंदा अंगणवाडीत आहे. पन्नास लेकरांची नाकं आणि चड्ड्या रोज बघणारी बाई, तिच्या नजरेतून डाग सुटणार कसा? मग मी एकच मार्ग काढला. आंघोळीला गेलो की आतल्या आत पॅन्ट धुवायची आणि पिळून बाहेर आणायची. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, तोवर मी साधा रुमाल धुतला नव्हता.

गल्लीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. शेजारच्या शेवंता वहिनी तारेवरची माझी पॅन्ट बघून सुनंदाला म्हणाल्या, “नशीब काढलं बाई तुमी. आमचे हे तर जेवलेलं ताट बी उचलत न्हाईत.” सुनंदा हसली. घरात आली तेव्हा हसत नव्हती.

“काहून हो? माझ्या हातचं धुणं निघंना का आता?”

“तुला आराम म्हणून करून राहिलो,” मी म्हणालो.

“मी कधी मागितला आराम?”

मी उठून न्हाणीत शिरलो. बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो होतो, न्हाणीत तासभर काढत होतो, ती जवळ येऊन बसली की उठून उभा राहत होतो. ती काय समजत असेल ते मला कळत होतं. कळत होतं आणि तरी मी गप्प होतो. दुसरी बाई असल्याचा संशय मला परवडत होता, पण ते दुखणं सांगणं परवडत नव्हतं. लिहितानाही मान खाली जातेय.

उभे सर

शाळेत वेगळीच गंमत झाली. बसता येईना म्हणून मी सगळे तास उभ्यानं घ्यायला लागलो. मधल्या सुट्टीतही उभा. पेपर तपासायचे तेही कपाटावर ठेवून उभ्यानं. पोरांनी नाव ठेवलं, उभे सर. मुख्याध्यापकांनी एकदा परिपाठाला सगळ्यांपुढे सांगितलं, “हे बघा, याला म्हणतात निष्ठा. आमचे सर तासाला खुर्चीला पाठ टेकत न्हाईत.” दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली खुर्ची ऑफिसात गेली. सरांना लागतच नाही ना.

रविवारी विहारात वंदनेला सगळे खाली बसतात. तिथं मी माइक धरायचं काम अंगावर घेतलं. लोक म्हणाले, सर किती नम्र. मी माइक धरून भिंतीला टेकायचो आणि पंचशीलातलं खोटं न बोलायचं वचन सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायचो.

खरं सांगू? त्या कौतुकाची मला चटक लागली होती. आत पू वाहत होता आणि बाहेर नाव होत होतं. एखाद्यानं नावं ठेवली असती तर कदाचित लवकर सुटलो असतो.

गुडघा

एकदा ताप भरला तेव्हा घाबरलो आणि कोणाला न सांगता जीप धरून हिंगोलीला गेलो. पोटाच्या, मूळव्याधीच्या ऑपरेशनांचे डॉक्टर कुठे बसतात ते मोबाइलवर शोधलं होतं. आत गेलो तर समोर बाई. चाळिशीच्या असतील.

“बसा. काय त्रास होतोय?”

बसा म्हणाल्या. तिथंच सांगून टाकायला हवं होतं, की बाई, हाच तर त्रास आहे.

“गुडघा दुखतो,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “गुडघ्याला हाडांचे डॉक्टर पलीकडच्या गल्लीत आहेत. आणखी काही आहे का? मोकळेपणानं सांगा.”

“न्हाई न्हाई, गुडघाच.”

आणि कमाल बघा, बाई खिडकीतून बघतील या भीतीनं मी खरंच पलीकडच्या गल्लीत गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढायला लावले. गुडघे ठणठणीत निघाले. त्यांनी तेल लावा म्हणून सांगितलं आणि एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटं घेऊन मी तसाच ठणकत घरी आलो.

पाकिटं कपाटामागे सरकवून ठेवली होती. झाडताना ती सुनंदाला सापडली. मी शाळेतून आलो तेव्हा ती पाकीट मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचे डोळे भरलेले होते.

“गुडघा दुखतो होय तुमचा? म्हणून बसत न्हाईत?”

मी चपला काढत राहिलो.

“आन् मी काय काय मनात आणलं तुमच्याबद्दल! किती वाईट बाई हाय मी. एवढी तकलीफ, आन् तुमी माझं धुणं कमी करून राहिले.”

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून माझे गुडघे चोळायला लागली. दिवसभर अंगणवाडीत राबून आलेली बाई. मी पलंगावर आडवा व्हायचो आणि ती मनापासून चोळायची. “हितं दुखतं का? का हितं?” मी म्हणायचो, “हं, तिथंच.” शेवंता वहिनीकडून कसला पाला आणून तिनं तोही बांधला. माझे गुडघे आयुष्यात इतके चांगले कधीच नव्हते.

एवढ्या दुखण्यात मला लाजेनं मरावंसं वाटलं ते तेव्हा. ऑपरेशनच्या टेबलावर नाही.

हर्ट

त्याच दिवसांत नववीला ‘हर्ट’ हा शब्द आला. माझी शिकवायची पद्धत अशी, की मी शब्द फळ्यावर लिहितो आणि अर्थ सांगत नाही. एक वाक्य तेवढं देतो, पुढची वाक्यं पोरांनी आपापल्या घरातून आणायची.

एक जण म्हणाला, “बैलाच्या खांद्याला जू लागलं, हर्ट झालं.” बराबर, म्हणालो, इजा. दुसरा म्हणाला, “माझं डोकं हर्ट करून राहिलं.” दुखणं, तेही बरोबर. तिसरा म्हणाला, गारपिटीनं आमच्या हरभऱ्याला हर्ट करून टाकलं. म्हटलं चला, नुकसान.

मागच्या बाकावर तांड्यावरची एक मुलगी बसते, फारशी बोलत नाही. ती उठली. “सर, बापू म्हणले व्हते परीक्षेच्या आधी ऊसतोडीहून येतो. त्यांना माहीत व्हतं येणं व्हणार न्हाई. तरी फोनवर येतो म्हणले. मी हर्ट झाले.”

एक पोरगं फिदीफिदी हसलं. “कुठं लागलं गं तुला?”

“कुठंच न्हाई,” ती म्हणाली. “तरी झाले.”

मी त्या पोराला दटावलं, मुलीला व्हेरी गुड म्हटलं, तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांकडून वहीत उतरवून घेतलं. न आलेल्या बापाचं तिला तेवढं दुखलं नव्हतं, खोटं सांगितलेलं दुखलं होतं, हे मी वर्गाला नीट समजावूनही दिलं. मग घरी गेलो आणि सुनंदापुढे गुडघे पसरले.

सत्कार

शाळेच्या स्नेहसंमेलनात माझा सत्कार ठरला. त्या दिवशी अंगात ताप होता, गोळी घेऊन गेलो. सुनंदानं पांढरी पॅन्ट इस्त्री करून दिली होती. ती पुढच्या रांगेत बसली, नवी साडी नेसून.

शाल झाली, नारळ झाला. मग माजी विद्यार्थ्यांनी स्टेजवर झाकलेली वस्तू आणली आणि वरचं कापड ओढलं. खुर्ची! सागवानी, रिबिनी लावलेली, वर पांढरा टॉवेल टाकलेली.

मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, “सर आजवर आपल्यासाठी उभे राहिले. आज आपण सरांसाठी उभं राहू. सर बसल्याबिगर कोणी बसायचं न्हाई!”

आणि अख्खं मैदान उभं राहिलं. पोरं, मास्तर, गावकरी, म्हातारी माणसं, झाडून सगळे. टाळ्या सुरू झाल्या. “बसा सर! बसा!” मी हात जोडले, नको नको म्हटलं, तर टाळ्या वाढल्या. लोकांना वाटलं सरांना संकोच होतोय. पुढच्या रांगेत सुनंदा उभी होती, डोळे पुसत होती आणि मान हलवून म्हणत होती, बसा.

मी बसलो.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. आत काहीतरी फुटलं आणि गरम गरम वाहायला लागलं. उठायला गेलो तर पाय लटपटले, पुन्हा त्याच खुर्चीत आदळलो. कोणीतरी ओरडलं, “गुडघा! सरांचा गुडघा धरा!” माझ्या गुडघ्याची कीर्ती सुनंदानं गावभर पोचवली होती. दोन दांडगे माजी विद्यार्थी धावत आले आणि माझे गुडघे दाबायला लागले. मी किंचाळलो तर आणखी जोरानं दाबले.

सुनंदा स्टेजवर चढली. तिनं पोरांना बाजूला केलं, मला काखेत धरून उठवलं आणि खुर्चीवरचा टॉवेल तिला दिसला. माझ्या खांद्यावरची शाल काढून तिनं माझ्या कमरेला गच्च गुंडाळली आणि मला खाली उतरवलं.

बाई

मुख्याध्यापकांच्या गाडीत मागच्या सीटवर मी पालथा पडलो होतो, डोकं सुनंदाच्या मांडीवर. हिंगोली येईपर्यंत तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दवाखाना तोच, डॉक्टर त्याच. त्यांनी मला बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “तुम्ही ते गुडघ्याचे ना?”

सुनंदा शेजारीच उभी होती.

बाई म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही खुर्चीत बसलाच नाहीत. मला तेव्हाच शंका आली होती. किती दिवस झाले याला?”

“दीड वर्ष,” मी उशीत तोंड घालून म्हणालो.

सुनंदा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागली. तक्ता लेकरांच्या लसींचा होता.

तपासणीचं काय सांगू? दीड वर्ष जिच्या भीतीनं मी पळत होतो, ती गोष्ट दोन मिनिटांत झाली. बाईंनी वही तपासावी तसं बघितलं, नर्सला चार गोष्टी सांगितल्या आणि हात धुतले. त्यांना काहीच वाटलं नाही. मलाच वाटत होतं, आणि त्यापायी पू आत दूरवर पोचला होता. वरून रक्तात साखर निघाली, तीही मला माहीत नव्हती. बाई स्पष्ट म्हणाल्या, “अजून अंगावर काढलं असतं तर जिवावर बेतलं असतं, सर.” ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं.

वॉर्डात आम्ही सगळे एकाच जातीचे, पालथे नाहीतर कुशीवर. सकाळी मावशी दारातून मोठ्यानं हाक मारायच्या, “भगंदरवाले, चला टबात!” पहिल्या दिवशी ती हाक ऐकून मी चादर डोक्यावर ओढली. औषध टाकलेल्या कोमट पाण्याच्या टबात बसायचं असायचं. बसल्यावर असं सुख वाटायचं की विचारू नका. नंतर नंतर मावशींची हाक यायच्या आधीच मी टॉवेल घेऊन दारात हजर असायचो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी तर पहिल्याच ओळखीत विचारलं, “गुरुजी, तुमचं कोणत्या अंगाला फुटलं? माहं डाव्या.” मी हळूच म्हणालो, “उजव्या.” डॉक्टर सोडून दुसऱ्या माणसाशी त्यावर बोललेला माझा तो पहिला शब्द.

पालथं पडून पडून डोकं मात्र चालायचं. मराठीत आपण म्हणतो, पायाला लागलं. कोणी लावलं ते सांगत नाही. इंग्रजीत माणूस म्हणतो, मी माझा पाय हर्ट केला. पोरं नेहमी विचारतात, “सर, सोताहून कोण लावून घेतं?” त्या खाटेवर मला वाटलं, माझ्यापुरतं तरी इंग्रजांचं बराबर आहे. आणि नुसतं स्वतःला लावून घेऊन मी थांबलो नव्हतो.

कारण सुनंदा बोलत नव्हती. म्हणजे “उठा” म्हणायची, “गोळी घ्या” म्हणायची, डबा उघडून द्यायची. बाकी काही नाही. एका दुपारी शेजारचे आजोबा टबाला गेले होते तेव्हा ती खिडकीकडे बघत म्हणाली, “रोज तेल लावू लागले मी. मनात हसत असाल.”

“न्हाई गं.”

“मग काय करत होता?”

“लाज वाटायची.”

“माझी?”

मी उशी जवळ ओढली.

“पोरीच्या टायमाला माझे टाके पिकले होते, आठवतं? माझी माय आजारी, तुमची माय आधीच गेलेली. तुमी गरम पाण्यानं धुऊ लागले. मला न्हवती का लाज? मी तर तेव्हा वीस वर्षांची पोर होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. तरी धुऊ दिलं न मी तुमाला? आपलं माणूस म्हणून दिलं.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “मला काय माहीत, तुमी मला परकं धरता ते.”

ती डबा घेऊन बाहेर गेली. ऑपरेशनच्या जखमेला भूल होती. याला काही नव्हती.

घरी

भगंदराची जखम शिवत नाहीत, उघडीच ठेवतात. ती तळापासून भरून यावी लागते, आणि तोवर रोज आत पट्टी भरायची. घरी आल्यावर त्यासाठी मी गावातल्या कंपाउंडरला सांगितलं. तो आला की सुनंदा पाण्याचं पातेलं ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची. मला वाटायचं, बरं आहे, तिला कशाला. आणि आतून हेही कळायचं, की मी पुन्हा तेच करून राहिलो.

एक दिवस कंपाउंडरचा फोन आला. सेनगावला लग्नात अडकलो, म्हणाला, संध्याकाळ होईल. दुपारची वेळ होती. जुनी पट्टी ओली झाली होती. सुनंदा दारातच बसून गहू निवडत होती, तिनं फोनवरचं ऐकलं होतं. तिनं मान वर केली नाही. ती विचारणार नव्हती. आता मीच बोलायचं होतं. ते न बोलता मी संध्याकाळपर्यंत कळ काढू शकलो असतो. त्याची मला सवय होती.

“सुनंदा,” मी म्हणालो, “तू करतेस का?”

ती उठली. दार लावलं, हात साबणानं धुतले, पाणी आणलं, कापूस आणला. मी पालथा झालो. तिनं पट्टी काढली आणि वाकून बघितलं.

“एवढं?” ती म्हणाली. आवाज फुटला होता. “एवढं घेऊन उभे होते तुमी?”

मी उशीत तोंड घातलं. मग तिचा हात लागला, पाणी लागलं, आणि माझ्या मस्तकात कळ गेली.

“दुखतंय का?”

“न्हाई.”

हात थांबला. “परत?”

“दुखतंय,” मी म्हणालो. “लई दुखतंय, सुनंदा.”

“मग बोंबला की! घर आपलंच हाय.”

तिनं पट्टी आत भरायला घेतली आणि मी बोंबललो. दीड वर्षाचं एकदम बोंबललो. एवढा की शेवंता वहिनी त्यांच्या घरातून पळत आल्या आणि बाहेरून कडी वाजवायला लागल्या.

“अवो, काय झालं? सरांना काय झालं?”

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. अजूनही, एवढं होऊनही, ती हळूच म्हणाली, “काय सांगू?”

मी उशीतून तोंड काढलं आणि स्वतःच ओरडलो, “भगंदर झालंय, वहिनी! पट्टी चाललीय!”

दाराबाहेर सामसूम. माझे कान तापले. सुनंदाचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिनं तसाच ठेवला. मग दाराला अगदी तोंड लावून वहिनींनी विचारलं, “सर, डॉक्टर कोणते वो? आमच्या यांना बी हाय. कोणाला सांगू न्हाई म्हणले.”

पाठीवरचा हात हलायला लागला. बघतो तर सुनंदा हसत होती, डोळ्यांतून पाणी काढून हसत होती. पट्टीचं टोक आत सारत ती दाराकडे ओरडली, “हिंगोलीला बाई हायत! आन् त्यांना म्हणावं, तिथं जाऊन गुडघा सांगू नका!”